अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली तर काय करावे? (माजी सैनिक सभासदांसाठी)



या अंकात खोडव्यातील पाचटावर लिहायचे ठरले होते. ते आता पुढच्या अंकात. या वेळी उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून वेगळ्याच गोष्टीवर लिहितो आहे; पण त्याला निमित्त घडले ते उसाच्या फडातच.

गेल्या माघात एका सभासदांचा ८६०३२ चा खोडवा बघायला गेलो होतो. बांधावरून तीन हाका मारल्या, चौथी चांगली मोठ्याने मारली, तरी हे पाठमोरेच. शेवटी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळले. म्हणाले, "डावा कान बंद आहे साहेब. उजव्या अंगानं येत चला." आमच्या भागात सैन्यातून घरी आलेल्या माणसाला, तो शिपाई म्हणून आलेला असो की नाईक म्हणून, सारे गाव 'मेजर'च म्हणते. तसे हेही मेजर. सतरा वर्षे नोकरी करून आलेले. भरती झाले तेव्हा दोन्ही कान ठणठणीत, सुटून आले तेव्हा एक बंद.

मी सहज विचारले, "मेजर, मग कानाची काही पेन्शन मिळते का?"

"नाही. नामंजूर झाली. पत्र आलं होतं तसं."

ते पत्र बघायला मिळाले ते चहाच्या वेळी. वहिनींनी ट्रंकेतून एक पिशवी काढली. तीत उसाच्या पावत्या, सोसायटीच्या पावत्या, लाइट बिले, आणि मधे कुठेतरी घडी करून ठेवलेले ते इंग्रजी पत्र. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. पहिल्याच परिच्छेदात मागणी नामंजूर केल्याचे लिहिलेले. पत्र आले तेव्हा मुलगा सातवीत होता. त्याने 'रिजेक्टेड' या शब्दापर्यंत वाचून दाखवले आणि तिथेच वाचन थांबले. पान उलटून शेवटचा परिच्छेद कोणी वाचलाच नाही. त्यात स्पष्ट लिहिले होते की, हा निर्णय मान्य नसल्यास पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत अपील करता येईल.

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी ही गावे सैनिकांसाठी नावाजलेली आहेत, पण आपल्या भागात तसे बघितले तर सैन्यात माणूस नाही असे गाव मिळणे कठीण. तेव्हा अशी पिशवी आणखी किती घरांत असेल, हा विचार मनातून जाईना. मी वकील नाही, शेती डिप्लोमा झालेला माणूस आहे. पण नंतर एका निवृत्त सुभेदारांकडे आणि एका वकिलांकडे बसून, नियम वाचून, जे समजले ते आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही की, नामंजुरीचे पत्र म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. काट्यावर आपल्या गाडीचे वजन कमी वाटले तर आपण पावती खिशात घालून गप घरी जातो का? गाडी परत काट्यावर घ्यायला लावतो, गट ऑफिसला तक्रार देतो, तिथेही झाले नाही तर शेती अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत येतो. (आणि ते बरोबरच आहे, माझ्या टेबलापर्यंत आलेल्या पाच तक्रारींपैकी एखादी तरी खरी निघते.) पण तोच सभासद सरकारी शिक्क्याचे इंग्रजी पत्र आले की हात जोडून ट्रंकेत ठेवतो.

आता ही पेन्शन असते कशी ते बघू. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग आहेत. एक नोकरीच्या वर्षांचा, म्हणजे सर्व्हिस एलिमेंट, आणि दुसरा अपंगत्वाचा, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट. पंधरा वर्षे पुरी करून आलेल्या जवानाला नोकरीची पेन्शन मिळतेच, त्याचा वाद असतो तो फक्त दुसऱ्या भागाचा. पण जो आठ-नऊ वर्षांत मेडिकल बोर्डाने घरी पाठवला, त्याचा अपंगत्वाचा दावा फेटाळला की बहुतेक वेळा त्याच्या हातात ग्रॅच्युइटी सोडून काहीच राहत नाही. म्हणून अशा तरण्या पोरांच्या बाबतीत अपील करणे हा घर चालण्याचा प्रश्न असतो.

घरी पाठवताना मेडिकल बोर्ड मुख्यतः दोन गोष्टी लिहिते. अपंगत्व किती टक्के, आणि ते सैन्याच्या नोकरीमुळे झाले किंवा वाढले की नाही. पेन्शनला अपंगत्व निदान २० टक्के लागते. घोडे पेंड खाते ते दुसऱ्या गोष्टीत. बोर्डाच्या कागदावर बऱ्याचदा एक ठरलेले वाक्य असते, त्याचा अर्थ असा की, हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजीत त्याची चार अक्षरांची खूण आहे, एन-ए-एन-ए, म्हणजे वाचायला 'नाना'. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस; या नानांनी मात्र कितीतरी घरांचे नुकसान केले आहे.

यातला 'वाढलेला' हा शब्द नीट ध्यानात ठेवा, कारण अपील करणारे तो विसरतात. आजार नोकरीमुळेच झाला असे दाखवता आले नाही तरी, नोकरीतल्या कष्टाने, थंडीने, उंचावरच्या हवेने, जागरणाने तो वाढला असेल तरी पेन्शन बसते. उसात खोडकिडा आधीच थोडा असतो, पण पाण्याचा ताण बसला की तो सगळ्या फडात पसरतो. तिथे नुसता किडा होता म्हणून भागत नाही, ताण कोणी दिला तेही बघावे लागते.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आता सांगतो. आजार नोकरीमुळे झाला हे जवानाने सिद्ध करायचे असते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. १९८२ च्या नियमांत तसे नाही. ते नियम सांगतात की, भरतीच्या वेळी डॉक्टरने ज्याच्या कागदावर कोणत्याही आजाराची नोंद केली नाही, तो माणूस भरती होताना निरोगी होता असे धरायचे. पुढे आजारामुळे त्याला घरी पाठवले, तर तो आजार नोकरीत उद्भवला असे मानायचे. आजार आधीचाच होता पण भरतीच्या तपासणीत सापडण्यासारखा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर बोर्डाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत. पुराव्याचा बोजा जवानावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही लागणीची नोंद आहे. लागण केल्यावर आमचा स्लिपबॉय येतो, जात, तारीख, क्षेत्र लिहून घेतो. पुढे तोडीच्या वेळी वाद झाला तर आपण काय बघतो? ती नोंद. नोंदीत रान स्वच्छ होते, मग आता लव्हाळा कुठून आला याचा जाब नंतर राखणदारी करणाऱ्याने द्यायचा.

हे सर्व सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. हे जवान १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. सुमारे नऊ वर्षे नोकरी झाल्यावर फेफऱ्याच्या आजारासाठी २० टक्के कायम अपंगत्व धरून त्यांना घरी पाठवले. बोर्डाने लिहिले की हा शरीरप्रकृतीचा आजार आहे, नोकरीशी संबंध नाही. पेन्शन नामंजूर झाली. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेले, तिथे खंडपीठाने तो फिरवला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने विचारले की, भरतीच्या वेळी या माणसाच्या कागदावर फेफऱ्याची नोंद आहे का? नव्हती. तपासणीत का सापडला नाही याची कारणे बोर्डाने दिली आहेत का? दिली नव्हती. मग नियमाप्रमाणे आजार नोकरीतलाच धरला पाहिजे, असे म्हणून पेन्शन मंजूर झाली. देशभरातल्या अपिलांत पुढे या खटल्याचे नाव निघू लागले. तुमच्या अपिलातही ते लिहावे.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, सुखविंदर सिंह यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट ठरली. ज्याला आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या वर आहे असेच धरले पाहिजे. नोकरी करायला नालायक ठरवायचे आणि टक्के मात्र पंधरा लिहायचे, असे चालणार नाही. तसेच १९९३ मध्ये मोहिंदर सिंह यांच्या खटल्यात ठरले होते की, मेडिकल बोर्डाने माणूस तपासून दिलेला अभिप्राय वरच्या डॉक्टरने माणूस न बघता, नुसत्या कागदावरून फिरवू नये. तुमच्या बोर्डाने 'सेवेमुळे' असे लिहिले असून वरच्या ऑफिसने ते खोडले असेल, तर हा मुद्दा तुमचाच आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. २१ सप्टेंबर २०२३ पासून सरकारने नवे नियम लागू केले आहेत. त्या तारखेला किंवा त्यानंतर जे सुटून आले त्यांना ते नियम लागतात, आणि १९८२ च्या नियमांतली भाषा त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. त्यांनी आपले कागद जाणकाराला दाखवूनच अर्ज करावा. मी वर जे लिहिले ते त्या आधी आलेल्यांसाठी, आणि आपल्याकडे ट्रंकेतले कागद बहुतेक त्यांचेच आहेत.

आता पैशाचे बोलू. शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि अपंगत्व कमी असेल त्या प्रमाणात तो कमी. (लढाईत जखमी झालेल्यांचा हिशोब वेगळा आणि जास्त आहे.) समजायला सोपे जावे म्हणून शेवटचा पगार ३०,००० रुपये धरा. शंभर टक्क्यांना ९,००० होतात, २० टक्क्यांना १,८००. पण सरकारच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राप्रमाणे टक्के वर ओढून धरायचे असतात. ५० च्या आतले ५० धरायचे, ५० ते ७५ मधले ७५, आणि त्याच्या वरचे १००. म्हणजे २० टक्केवाल्याला १,८०० नव्हे, ४,५०० बसतात, वर महागाई वेगळी. ही सवलत फक्त मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, असे सरकारचे म्हणणे होते. १० डिसेंबर २०१४ रोजी रामअवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत भरून आलेल्यांनाही दिली. आज ज्यांना अपंगत्वाचा भाग मिळतो आहे त्यांनीही आपला पेन्शन मंजुरीचा कागद काढून २० चे ५० झाले आहेत का ते तपासावे. मुदत भरून आलेल्यांत हे राहून गेलेले असू शकते.

आणि आता उशिराचे. आमच्या मेजरांनी मला पहिला प्रश्न हाच केला, "अकरा वर्षं झाली साहेब, आता कोण ऐकणार?" ऐकतात. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून नुकसानही दर महिन्याला नव्याने होते, असे न्यायालय मानते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मात्र मागची थकबाकी सगळी मिळत नाही. २००८ मध्ये तरसेम सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायालयात अर्ज केल्याच्या तारखेपासून मागे तीन वर्षांचीच थकबाकी द्यायची. तो जवान १९८३ साली घरी आला होता आणि न्यायालयात गेला १९९९ साली.

वरचाच हिशोब पुढे चालवा. महिना ४,५०० म्हणजे वर्षाला ५४,०००. अकरा वर्षांचे होतात ५,९४,०००. मिळणार तीन वर्षांचे, १,६२,०००. म्हणजे ४,३२,००० रुपये त्या ट्रंकेत कुजले, आणि त्यात महागाई धरलेलीच नाही. किती टन उसाचे बिल झाले ते ज्याने त्याने आपल्या फडावर लावून बघावे. आणि तीन वर्षांची ही खिडकी जागेवर राहत नाही, दर महिन्याला पुढे सरकते. या महिन्यात अर्ज केला नाही तर तीन वर्षांपूर्वीचा तो एक महिना कायमचा गेला. मी हे आकडे सांगितले तेव्हा मेजर काही बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "दोन बोअर झाल्या असत्या."

अपिलाची वाट अशी आहे. पहिले अपील नामंजुरीचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत, आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलाच्या समितीकडे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नलचे जबलपूरला. हे ज्याचे त्याला माहीत असतेच. तिथे फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील. तिथेही नाही झाले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आले आणि २००९ पासून चालू आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. तिथे एक न्यायमूर्ती आणि एक सैन्यातला निवृत्त मोठा अधिकारी असे दोघे बसतात. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे जायचे, आणि उशीर झाला असेल तर उशिराचे कारण सांगणारा वेगळा अर्ज जोडायचा. अपील करून सहा महिने उत्तरच आले नाही, तरी न्यायाधिकरणाचे दार उघडते, वर्षानुवर्षे उत्तराची वाट बघत बसायला नको. न्यायाधिकरणाच्या वर उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय आहे, पण तिथवरचे आज बोलण्यात अर्थ नाही. जवान हयात नसेल तर हेच अर्ज त्याची पत्नी किंवा वारस करू शकतात. कायद्यात वारसांचा उल्लेख आहे.

अपील लिहिण्याआधी कागद हातात हवेत. नुसते "माझ्यावर अन्याय झाला" लिहून पाठवलेले अपील म्हणजे माती परीक्षण न करता टाकलेले खत. तीन कागद मुख्य आहेत. एक भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा, दुसरा सुटताना बसलेल्या मेडिकल बोर्डाचा (त्याला फॉर्म १६ म्हणतात) आणि तिसरे नामंजुरीचे पत्र. इजा झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि चौकशी झाली असल्यास तिचे कागद. पहिले दोन आपल्याजवळ नसतात. ते रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मागायचे. स्वतःचे कागद मागण्याचा आपला हक्क आहे, त्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. ज्यांना कसलीच पेन्शन नाही अशांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात. तेव्हा १५-२० वर्षांपूर्वी घरी आलेल्यांनी कागद मागण्याचे काम आधी करावे, वकील नंतर शोधावा.

कागद आले की त्यात काय बघायचे? भरतीच्या कागदावर आजाराच्या रकान्यात काय लिहिले आहे. बोर्डाच्या कागदात आजार प्रथम कधी आणि कुठे सुरू झाला म्हणून लिहिले आहे. 'नाना' लिहिताना पुढे कारण दिले आहे की नुसता शिक्का मारला आहे. बऱ्याच वेळा कारण म्हणून एवढेच असते की, आजार शांततेच्या ठिकाणी सुरू झाला. त्यावर न्यायाधिकरणाने पुष्कळ निकालांत म्हटले आहे की शांततेच्या ठिकाणीही सैन्याच्या नोकरीचा ताण असतोच. अपिलात आपला नंबर, हुद्दा, भरतीची व सुटल्याची तारीख, पत्राचा नंबर व तारीख, कुठे कुठे बदल्या झाल्या, त्यांत फील्ड किंवा बर्फाचा भाग किती, कोणत्या मिलिटरी हॉस्पिटलात किती दिवस होता, एवढे सरळ क्रमाने लिहावे. भाषा साधी असू द्या. पराक्रमाची वर्णने नकोत, तारखा हव्यात.

सगळीच अपिले जिंकतात असे मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये नरसिंह यादव यांच्या खटल्यात मानसिक आजार होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियमाचा फायदा डोळे झाकून सर्वांना देता येणार नाही, आणि पेन्शन नाकारली. मुदत भरून आलेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या आत असेल तर टक्के वर ओढण्याच्या नियमाने ते पेन्शनमध्ये बसत नाही, हेही २०१९ मध्येच ठरले. रजेवर घरी आल्यावर झालेल्या अपघातांचे असेच. रजेच्या प्रवासात गाडीतून उतरताना जखमी झालेल्या जवानाला १९९९ मध्ये न्याय मिळाला, पण रजेवर गावी पोचल्यावर स्कूटरवरून पडलेल्याला २०२२ मध्ये मिळाला नाही, कारण त्या पडण्याचा नोकरीशी संबंध दिसला नाही. आपली केस यात बसते का, ते आधी प्रामाणिकपणे बघावे.

मदतीसाठी पहिले ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे जाण्याचा संकोच करू नये, ते आपल्यासाठीच आहे. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांना कायद्याची मदत देण्यासाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिचीही चौकशी तिथेच करावी. न्यायाधिकरणात स्वतः उभे राहण्याची मुभा कायद्याने आहे, पण वकील असलेला बरा, आणि तो सैन्याच्या पेन्शनची कामे करणारा असावा. गावोगाव फिरून "थकबाकीतले निम्मे द्या, काम करून देतो" म्हणणारे एजंट निघाले आहेत. गुळाच्या दलालाला आपण ओळखतो, तसेच हे. मूळ कागद त्यांच्या हातात मुळीच देऊ नयेत, कोऱ्या कागदावर सही करू नये, बँकेचे पासबुक तर दाखवूसुद्धा नये.

आमच्या मेजरांचे सांगतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज गेला, आणि महिन्याच्या वर थोडे दिवस होऊन जाड पाकीट आले. भरतीच्या तपासणीचा कागद पिवळा पडलेला होता, पण अक्षरे वाचता येत होती. कानांच्या रकान्यात उजवा ६१० सेंटिमीटर, डावा ६१० सेंटिमीटर. म्हणजे वीस फुटांवरून कुजबुजलेले दोन्ही कानांनी ऐकू येत होते. पुढे बोर्डाच्या कागदात डाव्या कानाचे २० टक्के लिहिलेले, आणि त्याखाली 'नाना'. कारणाच्या जागी एक ओळ, तीही अर्धी. मुलगा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने सगळे पाकीट शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि अपील इंग्रजीत टाइप केले, उशिराच्या कारणासह. सैनिक कल्याण कार्यालयातून एकदा तपासून घेऊन ते स्पीड पोस्टाने पाठवले. सहा महिने मोजायचे म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. पोचपावती मात्र मेजरांनी सवयीने उसाच्या पावत्यांच्या पिशवीतच घातली होती. ती काढायला लावून वेगळ्या फायलीत लावली.

ज्या सभासदांकडे असे पत्र असेल त्यांनी ते घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. मी दर बुधवारी फेरीवर असतो. ऊस बघून झाल्यावर पत्रही बघू.